छोटीचा हिरवा ड्रेस

"मावशी, तो हिरवा ड्रेस मी घातला तर चालेल?"

लेकीने हे विचारलं तेव्हा आम्ही तिघी जेवायला बसलो होतो. माझा घास हातातच राहिला. छोटीने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"कुठला हिरवा?" तिने विचारलं. जसे काही घरात डझनभर हिरवे होते!

"तोच गं, तुझ्या कपाटातला. लग्नाच्या सह्या करायला जाताना घालावा म्हणते."

"अगं, तो संग्रहालयात जायचाय," मी मध्येच बोलले. "तुला काही कळतं का?"

"माहितेय. सहजच विचारलं," लेक म्हणाली आणि खाली मान घालून जेवायला लागली.

छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. पन्नाशी उलटली तरी घरात ती छोटीच. माझे यजमान गेल्यावर माझ्या सोबतीला म्हणून राहायला आली, ती भांडीकुंडी नाही, गादी नाही, नुसती कपड्यांनी भरलेली कपाटं घेऊन. तेव्हापासून आमच्या घरात माणसं कमी आणि हँगर जास्त. नोकरी रुग्णालयात, एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" म्हणायचं. पण पेशंट कपडे बदलून खुंटीला टांगतात ना, तिथे बाईसाहेबांचा जीव अडकलेला. संध्याकाळी घरी आली की चपला काढता काढता सुरू, "ताई, आज काय कोट आला होता!" पेशंट आला होता असं नाही, कोट आला होता.

मोठमोठ्या फॅशन हाउसच्या शोचे फोटो ती परीक्षा असल्यासारखी बघते. पण खरी माया शहरातल्या डिझायनर मंडळींवर. कुणा नवख्या पोरीने गाळ्यात चार कपडे मांडले की ही हजर. कपडा आधी उलटा करणार, आतली शिवण बघणार आणि आवडली तर तिथेच त्या पोरीचे हात हातात घेऊन म्हणणार, "किती सुंदर काम केलंयस गं!" मला मेलीला लाज वाटायची. त्या पोरी मात्र फुलून जायच्या.

हिरवा ड्रेस तिला जुन्या बाजारात पडद्यांच्या ढिगाखाली सापडला. मला तो बाटलीच्या रंगाचा रेशमी झगा दिसला. छोटीने मानेजवळची नावाची पट्टी वाचली आणि भाव न करताच पैसे काढले. आमच्या लहानपणी शहरात एक बाई बेकरीच्या वरच्या मजल्यावर बसून कपडे शिवायची. सगळं हाताने, एकासारखा दुसरा नाही, प्रत्येक कपडा एकाच माणसाच्या मापाचा. पट्टीवर तिचं नाव होतं. तिच्या हातचं आता जवळपास काही उरलं नव्हतं. छोटीने तो ड्रेस कधी अंगालाही लावला नाही. तिचा नियमच होता, जुन्या कपड्याला कात्री लावायची नाही. रफू चालेल, कात्री नाही.

आणि आता संग्रहालयात शहरातल्या शिवणाऱ्या बायकांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथल्या बाई पांढरे हातमोजे घालून घरी आल्या, ड्रेस आतबाहेर बघितला आणि म्हणाल्या, "मूळ शिवण जशीच्या तशी आहे. हा मधोमध ठेवू. खाली तुमचं नाव." त्या दिवसापासून छोटी भांडी घासतानासुद्धा गुणगुणत होती. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू? जन्मभर लोकांनी जुनेरं गोळा करणारी म्हणून हसावं, आणि आता एकदा तिचं नाव भिंतीवर लागावं. अजून काय हवं?

त्यात लेकीचं हे.

माझी लेक लिफ्ट दुरुस्त करते. रुंद खांदे, भरदार दंड, लोखंडी दार एका हाताने सरकवेल अशी. शाळेत पोरांनी त्यावरून इतकं छळलं की तेव्हापासून ढगळ शर्ट आणि कोपर अंगाला चिकटवून चालायची सवय. दुकानात नेलं तर ट्रायल रूमच्या आतूनच ओरडायची, "नाही बसत!" आम्हाला बघायलाही मिळायचं नाही. अशी पोर आज स्वतःहून म्हणाली की मला अमुक घालायचंय. ते छोटीच्याही लक्षात आलं होतं, म्हणून तर तिला जेवण जाईना.

रविवारी दुपारी छोटीनेच तिला हाक मारली. "ये, घालून तर बघू."

डोक्यावरून ड्रेस सरकला आणि दंडांशी अडकला. छातीवर ओढ बसली, पाठीची हुकं चार बोटं लांब राहिली.

"जाऊ दे मावशी," लेक म्हणाली. "माझंच चुकलं. शर्ट आहे ना चांगला, इस्त्री करते."

हे तिने अगदी हसून म्हटलं. छोटीने ड्रेस अलगद सोडवला. लेक आत गेल्यावर तिने एक्स-रे बघायची पांढऱ्या दिव्याची पेटी काढली. रुग्णालयात सगळं कॉम्प्युटरवर आल्यावर ती जुनी पेटी तिने घरी आणली होती. दिवा लावून तिने ड्रेसची शिवण काचेवर पसरली. हाडं दिसावीत तसं आतलं सगळं दिसायला लागलं. दुमडलेलं कापड गडद, बाकीचं फिकं.

"बघ ताई, शिवणाऱ्या बाईंनी शिवणीत माया किती सोडलीय, किती जादा कापड! घालणारी पुढे अंगाने भरली तरी घालता यावा म्हणून. पाठीला पुरेल. बगलेत मात्र कळी घालावी लागेल."

"कळीला कापड?"

"खालच्या घेरातून काढायचं. दुमड मोठी आहे, पण तेवढ्याने भागणार नाही. घेर कापावा लागेल."

"वेड लागलंय का तुला?" माझा आवाज चढला. "माझी लेक आहे, मला नाही वाटत का तिने नटावं? पण हे तुझं आयुष्य आहे गं! तिला नवीन शिवू. तुझ्या त्या पोरींपैकी कुणीही शिवून देईल."

"देईल की. पण तिने हा मागितला."

तिने संग्रहालयातल्या बाईंना फोन लावला. बाई समजावत होत्या. लग्न झाल्यावर पूर्ववत करता येईल का, असं छोटीने विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते तिच्या चेहऱ्यावरच दिसलं. "हो, बरोबर आहे," ती म्हणाली. "एकदा कापलं की तो तोच ड्रेस राहत नाही. मीसुद्धा हेच म्हणाले असते." तिने फोन ठेवला.

मग खडूने रेघ मारली आणि कात्री घेतली. जाड रेशीम कापताना करकर आवाज होतो. छोटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि हात मात्र रेघेवर सरळ चालला होता.

"मला फार वाईट वाटतंय ताई," ती म्हणाली. "तू काही बोलू नकोस. बोललीस तर माझ्याच्याने व्हायचं नाही."

मी उसवलेले दोरे वेचत बसले.

लग्नाच्या दिवशी नोंदणी कार्यालयात माझं लक्ष जावयाकडे होतं, छोटीचं बगलेच्या शिवणीकडे. लेक सही करायला वाकली तेव्हा छोटीने माझा दंड असा आवळला की वळ उठले. काही उसवलं नाही. झगा आता पोटरीपर्यंतच येत होता, पण अंगावर असा बसला होता की माझी पोर मलाच नवी दिसली.

बाहेर पडलो तर भाजीची पिशवी घेतलेली एक बाई थबकली. "अगं बाई, काय सुरेख आहे! कुणी शिवला हो?"

"माझ्या मावशीने," लेक म्हणाली.

"छे छे!" छोटी लगेच पुढे झाली. "शिवणारी बाई वेगळी. इथेच बेकरीच्या वर बसायची. असं काम आता बघायला मिळत नाही. मी फक्त बगलेत कळी घातलीय."

"कळी? कुठे? मला नाही दिसत."

छोटी गडबडली. सांगायची हौस तर दांडगी, पण तिने लेकीकडे बघितलं आणि गप्प झाली. मीही श्वास धरून उभी. माणसं येत-जात होती, जावई टॅक्सीचं दार उघडून खोळंबला होता.

"ही बघा," लेक म्हणाली आणि तिने भर रस्त्यात हात सरळ वर केला.

मग काय, छोटीला कोण आवरणार! जुना टाका कुठे संपतो, नवा कुठे सुरू होतो, ती बोट ठेवून ठेवून दाखवत होती. ती बाईही पिशवी खाली ठेवून वाकून बघत होती. दोघींचं बघून होईपर्यंत लेकीने हात खाली घेतला नाही.