आईच्या जागी

हॉल लहान आहे.

खोडलं. लहान म्हटलं की गिऱ्हाईक हिरमुसतं. घरं सजवायच्या आमच्या धंद्यात ‘आटोपशीर’ म्हणतात.

हॉल आटोपशीर आहे. दारातून आत आलं की समोर खिडकी, डाव्या हाताला स्वयंपाकघर, उजव्या हाताला दोन दारं. पहिलं नवरा-बायकोच्या खोलीचं. दुसरं आप्पांच्या खोलीचं, म्हणजे नवऱ्याच्या वडिलांच्या. तिला खोली म्हणावं तर पलंग मावत नाही आणि कपाट म्हणावं तर आप्पा मावतात. हे मी म्हणत नाही, आप्पाच म्हणतात.

घरात आणखी एक आहे. ठकू. वर्ष उलटलेली, दोन दात, डोक्यावर कारंज्यासारखी शेंडी.

आणि आणखी एक

हे वाक्य नंतर.

रेघा

मी आधी मोजायची टेप काढत नाही. घरच्यांना सांगते, मी इथे नाहीच असं समजा आणि तुमचं चालू द्या. मग कोपऱ्यात स्टुलावर बसून कागदावर प्रत्येकाच्या चालण्याची रेघ ओढते. रेघा दाट होतात ती वाट. कोऱ्या राहतात त्या जागी सामान. बाकी सगळी कला त्यानंतरची.

सून खिडकीतले वाळलेले कपडे काढून स्वयंपाकघराकडे गेली. रेघ. आप्पा पाणी प्यायला आले, परत गेले. रेघ. मग नवरा कामावरून आला. दारातच बूट काढता काढता त्यानं अगदी हळू विचारलं, “जागी आहे?”

“हो, जागी आहे,” सून म्हणाली.

मग तो मोठ्यानं बोलायला लागला. बस किती उशिरा आली, साहेब कसा उखडला. मला वाटलं, बाळाबद्दल विचारलं असेल. पण बाळ आईच्या कडेवर होतं आणि टक्क डोळ्यांनी बापाकडेच बघत होतं.

संध्याकाळपर्यंत कागद रेघांनी भरला. खिडकीजवळचा एक भाग मात्र कोरा राहिला. लांबट चौकोन, कडा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. खिडकीतून स्वयंपाकघरात जायला नाकासमोरची वाट होती, तरी सगळे त्या चौकोनाला वळसा घालून जात होते. सून तर कोपऱ्याशी कंबर किंचित आत घेऊन वळायची. एखाद्या लाकडी कडेचा मार खाल्लेली माणसं तशी वळतात.

मी मान वर करून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

मागणी

“इथे काय होतं?” मी विचारलं.

“आईंचा पलंग,” सून म्हणाली. “सासूबाईंचा. पायानं अधू झाल्यावर पुष्कळ वर्षं तिथेच होत्या. आत कुठे मावणार? ठकू पोटात होती तेव्हा गेल्या. पलंग एका गरजू घरी देऊन टाकला.”

तिनं मला स्वयंपाकघरात नेलं. ओट्याला टेकून, आवाज उतरवून बोलली.

“ताई, ठकू चालत नाही.”

“लहान आहे हो अजून.”

“तिच्या बरोबरीची पोरं जिना चढतात. डॉक्टर म्हणतात पाय चांगले आहेत, चालेल तेव्हा चालेल. आणि चालत नाही असंही नाही. एकाच ठिकाणी चालते. बघा.”

तिनं ठकूला हॉलमध्ये मधोमध सोडलं. ठकू रांगत तडक खिडकीकडे गेली. कोऱ्या चौकोनाच्या कडेशी थांबली. दोन्ही हात वर केले, तळवे पालथे टेकवले आणि जोर लावून उभी राहिली.

तळवे हवेत होते.

मग ती बाजूबाजूनं चालायला लागली, एकेक पाऊल, तळवे एकाच उंचीवर सरकवत. गादीची उंची असते तेवढ्या. चौकोन संपला तिथे तिनं पुढे हात चाचपला. काही लागलं नाही. बदकन खाली बसली.

“मला तो कोपरा भरून हवाय,” सून म्हणाली. “स्टाईल कुठलीही चालेल.”

माझं स्पष्टीकरण

पलंगाखालची फरशी वापरली गेली नाही, म्हणून तिची चकाकी राहिली. बाळ त्या चकाकीच्या कडेनं चालतं. मोठी माणसं वळतात, बाळ बघतं, शिकतं. तोल सांभाळायला हात वर धरतंच कुठलंही बाळ.

हे मी स्वतःला सांगितलं आणि मला पटलं. दिवसाउजेडी पटतं.

नमुने

(दुपार. चटईवर फोटो पसरलेले. आप्पा चष्मा पुसून बसलेले.)

“ही मिनिमल.”

“म्हणजे?”

“कमीत कमी सामान. मोकळी जागा.”

“त्याला तुम्ही कशाला? चोर पुरे.”

“आप्पा!” सून म्हणाली.

“बरं, पुढची दाखवा.”

“ही इंडस्ट्रियल. गिलावा नाही, विटा उघड्या, पाइप वरून गेलेले.”

“आमचा बिल्डर याच स्टाईलचा होता.”

“ही बोहो. खाली गाद्या, रंगीत उशा, सगळं थोडं पसरलेलं.”

“पाहुणे उठून गेले की आपलं घर असंच दिसतं. नाही का रे?”

“बाबा, जरा सीरियसली घ्या,” आप्पांचा मुलगा म्हणाला.

“ही स्कॅन्डिनेव्हियन. फिकट लाकूड, पांढऱ्या भिंती, भरपूर उजेड. लहान हॉलला ही सगळ्यात बरी. सोफ्याला उंच पाय घेऊ, खालची जमीन दिसली की खोली मोठी वाटते. समोर आरसा.”

“पांढरं नको. दवाखाना वाटतो.”

“तुम्ही सगळ्यालाच नको म्हणताय आप्पा,” सून म्हणाली. हसत म्हणाली, पण फोटो गोळा करायला लागली होती.

“सगळ्याला नाही. सोफ्याला.” आप्पांनी माझ्या आराखड्यावर बोट ठेवलं. “हे काय लिहिलंय तुम्ही?”

“आईच्या जागी सोफा.”

“आई. जागी,” आप्पांनी वाचलं. मधला ‘च्या’ बोटाखाली होता. “तुम्ही लिहिलंय हं. मी नाही.”

मग मुलानंच मला सांगितलं. दारातून आत यायचं ते ‘जागी आहे?’ असं विचारूनच, ही इतक्या वर्षांची सवय. जागी असली तर दिवा लावा, बोला, भांडा. झोपली असेल तर पाय न वाजवता आत आणि कुजबुज. “आई गेली तरी तोंडातून जातं अजून,” तो म्हणाला. “काय करणार? जिभेला कोण सांगणार?”

“आणि झोपलीय असं उत्तर शेवटचं कधी मिळालं?” मी विचारलं. उगीच विचारलं.

मुलानं बायकोकडे पाहिलं. तिनं आप्पांकडे.

“त्या गेल्यापासून नाही,” सून म्हणाली. “जागीच असतात.”

कोणी न विचारता ती पुढे म्हणाली, “माझ्या पोटावर हात ठेवून म्हणायच्या, होऊ दे तुझं, मला उठता येत नसलं म्हणून काय झालं, पलंगाच्या कडेनं मीच चालायला शिकवीन.”

आप्पा उठले. कोपऱ्याला वळसा घालून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. “ताई,” ते म्हणाले, “उद्या माझ्या जागी पण काहीतरी छानसं ठेवा. एखादी कुंडी.”

केलेलं काम

पांढऱ्याऐवजी ताकासारखा रंग. छतापासून जमिनीपर्यंत पातळ पडदे. फरशीवर लाकडाच्या नक्षीचं आच्छादन, सगळीकडे सारखं. चकाकीचा चौकोन गेला. आरसा. भिंतीला मिटणारं टेबल. आणि कोपऱ्यात राखाडी सोफा, उंच पायांचा, बारीक हातांचा.

फोटो काढले. हॉल सुंदर आला. फोटोत कोणी चालत नसतं.

निघताना मी सहज आरशात पाहिलं. सोफा पलंगापेक्षा अरुंद होता. सून सोफ्याच्या कडेपासून अंतर ठेवून, कंबर आत घेऊन वळली.

फोन

“ताई, सोफा काढायचाय.”

“का हो? डाग पडला का? कव्हर धुता येतं.”

“ठकू आता उभीच राहत नाही.”

मी आराखडा पुढे ओढला.

“सोफ्याला धरत नाही. तिथवर रांगत जाते, पुढ्यात बसते आणि वर बघून दोन्ही हात करते. उचलून घ्या म्हणून करतात तसे. मी समोर गेले तर मला बाजूला सारते.”

“आप्पांनी सांगितलं का काढायला?”

“नाही हो,” ती म्हणाली. “आप्पा बोलतच नाहीत. आत बसून असतात. मी सांगतेय.”

दुपार

मुलानं आणि मी सोफा उचलून आरशाखाली नेला. तिथे तो शोभत नव्हता. पाठ आरशाला अर्धा झाकत होती आणि स्वयंपाकघराची वाट चिंचोळी झाली. माझ्या सगळ्या शिक्षणाच्या विरुद्ध मी म्हटलं, “एक कोपरा मोकळा सोडणं हीपण स्टाईलच आहे.”

“नाव काय तिचं?” आप्पा खोलीच्या दारात येऊन उभे होते. कुंडीच्या बोलण्यानंतर त्यांनी माझ्याशी काढलेला हा पहिला शब्द.

मी सोफ्याचं कव्हर नीट केलं.

सुनेनं ठकूला खाली ठेवलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दाराशी गुडघ्यांवर बसली. हाका मारल्या नाहीत. नुसते हात पुढे केले.

ठकू रांगत कोपऱ्याकडे गेली. जमीन आता सगळीकडे एकाच नक्षीची होती. तरी ती थांबायची तिथेच थांबली. तळवे टेकवले, उभी राहिली. एक पाऊल. दुसरं. माझं स्पष्टीकरण आच्छादनाखाली गाडलेलं होतं आणि ती त्याच्यावरून चालत होती.

कड संपली.

हात पुढे चाचपला. काही नाही. गुडघे वाकले. आता बदकन बसणार म्हणून मुलानं श्वास सोडलाही.

ठकूचा डावा हात वर गेला. डोक्याच्याही वर. मूठ वळली, कोणाचं तरी बोट धरतात तशी. मान मागे टाकून तिनं वर पाहिलं आणि दोन दात दाखवून हसली.

मग ती चालायला लागली.

हॉलच्या मधून. पावलं वाकडी, पोट पुढे, हात तसाच वर. एकदा तोल गेला, तेव्हा शरीर त्या हाताला लटकल्यासारखं झालं आणि पुन्हा सरळ झालं. सून तोंडातून आवाज फुटू नये म्हणून ओठ चावत होती. तिला हाताकडे बघायचं नव्हतं. ती पायांकडे बघत होती.

मधोमध आल्यावर मूठ सुटली. हात खाली आला. ठकू थांबली. मागे वळून खिडकीकडे पाहिलं, जरा वेळ पाहिलं. मग उरलेलं अंतर एकटी चालली आणि आईच्या छातीवर जाऊन आदळली.

मुलगा ओरडणारच होता. त्याचं तोंड उघडलंही होतं. आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं.

“झोपली,” ते म्हणाले.

मुलाचं तोंड मिटलं. पुढे त्यानं जे काही विचारलं ते कुजबुजत विचारलं. आप्पांनी मान हलवली आणि भिंतीला धरून सावकाश खाली बसले. सून ठकूच्या कानात पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, चाललीस गं, चाललीस. तेही जेमतेम ऐकू येईल इतकं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी खिडकीशी टेप गुंडाळत होते. दारापर्यंत सरळ वाट होती, कोपऱ्यावरून. वळसा घालून गेले, दाराशी चप्पल हातातच घेतली. झोपलेल्या माणसाला कोणी ओलांडून जात नाही.