पोरगा पाहायला निघालेली काळीपिवळी

रुखमाबाईनं सहस्रकुंडाला जायचं ठरवलं, तेव्हा घरातल्या कोणी "काहून?" म्हणून विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती. फुलसावंगीच्या त्या घरात प्रश्न विचारायचं काम एकट्या रुखमाबाईचं. बाकीच्यांनी उत्तरं द्यायची, आणि तीही आखूड.

कारण मात्र सगळ्यांना माहीत होतं. कारण होतं दीपा.

दीपा म्हणजे रुखमाबाईच्या गोविंदाची थोरली पोरगी. बी.ए. झालेली, गावातल्या पोरींना शिवण शिकवणारी. उन्हाळ्यात तिला पाहायला अकोल्याकडचे पाहुणे आले होते. ती सालंच अशी होती की यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात, आणि चांगल्यासाठी एकदाही नाही. कापसाला भाव नव्हता, बोंडाला अळी होती, आणि पांढऱ्या गाड्यांतून माणसं उतरून दारोदार विचारत होती, "तुमच्याकडे कोणी गेलं का?" रुखमाबाई त्यांना अंगणातूनच वाटेला लावायची. "आमच्या घरी सारे जिते हायेत. बसाचं असन त बसा, शेंगा निवडू लागा."

तर ते पाहुणे. त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, पोरीला चालवून पाहिलं. मग पोराचा काका मिशीतला पोहा झटकत गोविंदाला म्हणाला, "तब्येत बरी राह्यते ना तुमची? झोपगिप लागते? नाही, म्हणजे... फवारणीचं औषध घरात कुठी ठेवता?"

गोविंदाची मान जी खाली गेली ती वर येईना. आतून रुखमाबाई आली.

"तुमच्या चहात टाकलं होतं," ती म्हणाली. "पण तुमच्यासारख्याले ते लागू होईन असं वाटत नाही."

पाहुणे चपला हातात घेऊन गेले. त्याच संध्याकाळी रुखमाबाईनं सांगून टाकलं, "माही नात आता कोणापुढं पोह्याची प्लेट धरून उभी राह्यनार नाही. पोरगी पाहाले या घरात कोणी यायचं नाही, आन् आपण कोणाच्या दारी जायचं नाही."

बोलणं खणखणीत झालं. पण दीपाचं लग्न तर व्हायला पाहिजे होतं. तिकडून कोणी यायचं नाही, इकडून कोणी जायचं नाही, मग लग्न काय वाऱ्यावर जुळणार होतं? रुखमाबाईला हे रात्रंदिवस टोचत होतं. पण बोललेला शब्द मागं घ्यायची तिला सवय नव्हती. दुसरी इयत्ता अर्ध्यात सोडली तेव्हापासून तिनं काहीच मागं घेतलं नव्हतं.

पोळा झाला, निंदणं उरकलं, आणि उमरखेडहून तिचा धाकटा भाऊ पंजाबराव एक स्थळ घेऊन आला. पैनगंगेपलीकडचं, हिमायतनगरच्या अंगाचं. पोरगा अतुल, घरची शेती, स्वतःचा ट्रॅक्टर. घरात आई मानीबाई आणि हा एकटा.

"पण एक हाय, बाई," पंजाबराव डोकं खाजवत म्हणाला. "ते मानीबाई कोणाच्या घरी पोरगी पाहाले जात नाही. मागं एका ठिकाणी गेलती, त पोरीच्या बापानं पाणीबी न देता सांगतलं, शेतकऱ्याले पोरगी देत नाही. तवापासून तिनं शपथ घेतली. भल्ली हट्टी बाई हाय. तुह्यासारखीच."

"म्हंजे?"

"म्हंजे... स्वभावानं चांगली."

रुखमाबाईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग ती हसली. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडातली सुपारी दिसली.

"सहस्रकुंड," ती म्हणाली. "तो धबधबा कोणाच्या बापाचा नाही. ते सहलीले आले, आपण सहलीले गेलो. वाटेत भेट झाली, दोन घास संगं खाल्ले. पटलं त पटलं. नाही पटलं त पाणी पाहून घरी. कोणाचं नाक कापल्या जात नाही."

आणि मग चार दिवस त्या घरात जी तयारी चालली, तेवढी गोविंदाच्या लग्नात चालली नव्हती.

गाडी ठरली शेजारच्या तांड्यावरच्या देवीलालची काळीपिवळी जीप. पुढच्या सीटवर रुखमाबाई, हे ठरवायची गरजच नव्हती. दीपाची आई साधना भीतभीत म्हणाली, "आत्याबाई, दीपाले ते जांभळी साडी..."

"सहलीले कोणी जांभळी साडी नेसून जाते काय? रोजचाच ड्रेस घालू दे. आन् तोंडाले पावडर लावली, त मी तिले पैनगंगेत धुवून काढीन."

"मग खायले काय घ्याचं? चिवडा करते."

"चिवड्यात काय असते? पोहे! या घरात पोह्याचं नाव काढाचं नाही. रोडगे करू. वांग्याची भाजी. तिथंच जाळ पेटवू."

"आन् गोवऱ्या?"

"गाडीच्या टपावर बांधा."

देवीलाल गाडी पुसता पुसता थांबला. "आजी, टपावर गोवऱ्या? लोकं काय म्हनतीन?"

"म्हनतीन, म्हातारी सरण संगं घेऊनच हिंडून राह्यली. म्हनू दे. पोटाले जाळ लागतेच."

जायच्या आदल्या दिवशी तिनं सगळ्यांना ओळीनं बसवून ताकीद दिली. कोणी वाकून वाकून पाहायचं नाही. कोणी "या, बसा" करत पुढं पळायचं नाही. सहलीला आलोय, सहलीचं तोंड करून बसायचं.

"सहलीचं तोंड कसं राह्यते, माय?" गोविंदानं विचारलं.

"तुह्यासारखं नाही राह्यत."

जाता जाता गोविंदानं एक कामाचा प्रश्न टाकला, "पण मामा, सहस्रकुंडाले त्याइले बोलावलं कुठी?"

"कुंडापाशी!" पंजाबरावाच्या आधी रुखमाबाईच बोलली. "पाणी काय लपून बसते? एवढं मोठं पाणी, आंधळ्यालेबी सापडते."

झालं. सगळ्या घराची अक्कल तिथंच संपली.

उमरखेड, ढाणकी मागं टाकत काळीपिवळी निघाली. रस्त्यापेक्षा खड्डे जास्त. दर खड्ड्याला टपावरच्या गोवऱ्या धप्पकन वाजत आणि रुखमाबाई देवीलालच्या घराण्याची चौकशी करी. दोन्ही अंगांनी कपाशीची पराटी कमरेएवढी उभी होती, वरून हिरवीगार. भावाचं पुढचं पुढं, दिसायला तर देखणी होती.

धबधबा दिसायच्या आधी ऐकू आला. काळ्या खडकांची नुसती रानभर मांडणी, आणि मधून पैनगंगा शंभर वाटांनी उडी घेत होती. तुषार उडून अंगावर येत होते. दीपा "आजी गं!" म्हणून ओरडली. आवाज कुठं गेला तो कुणाला कळलंच नाही.

पण काठावर मानीबाई नव्हती. ट्रॅक्टर नव्हता. कॉलेजची चार पोरं आणि एक भुईमुगाच्या शेंगा विकणारी बाई, बस.

रुखमाबाईनं खडकावर बैठक मारली. सूर्य डोक्यावर आला. जाळ पेटला, रोडगे राखेत गेले, वांगी रटरटू लागली, तरी कोणी आलं नाही. तिचं सहलीचं तोंड हळूहळू फवारणीच्या डब्यासारखं झालं. तिनं पंजाबरावाला जवळ ओढून कानात सांगितलं, "हे तुह्यं चांगलं स्थळ. माह्या नातीले पाणी पाजून परत धाडलं."

पंजाबरावाचं मात्र लक्षच नव्हतं. तो डोळ्यांवर हात धरून नदीपलीकडे पाहत होता. तिकडच्या खडकांत एक ट्रॅक्टर उभा होता. मागं निळी ट्रॉली, पुढं निळा झेंडा.

"बाई," तो तिच्या कानात ओरडला, "ते त तिकडे हायेत!"

"तिकडे काहून हायेत?"

"त्याइचं सहस्रकुंड तिकडेच हाय!"

पैनगंगेच्या या काठाला यवतमाळ, त्या काठाला नांदेड. इकडच्या माणसाला सहस्रकुंड म्हणजे इकडचा काठ आणि तिकडच्याला तिकडचा. मधे सगळा धबधबा उभा. फोनला तिथं रेंज नव्हती. पूल होता तो वरच्या अंगाला, अर्धा दिवस मोडेल एवढा लांब.

रुखमाबाई उठली, पदर खोचला आणि बोंबलली, "ओ हिमायतनगरवाले!"

दोन शेतं पलीकडचे बैल ज्या आवाजानं थांबत, तो आवाज पाण्यानं असा गिळला की शेजारी उभ्या साधनेलाही ऐकू गेला नाही. रुखमाबाईनं पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तसंच. आयुष्यात पहिल्यांदा तिची जीभ कामी आली नव्हती. गोविंदानं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हसत होते.

आता करायचं काय? जेवायचं. इकडे पानं मांडली, तर तिकडेही फडकी सोडलेली दिसली. दोन घरं, मधे नदी, समोरासमोर जेवायला बसली.

चेहरे दिसत नव्हते. बसणं, उठणं, वाढणं तेवढं दिसत होतं. आणि रुखमाबाईसारखीला तेवढं पुष्कळ होतं. तिकडे मानीबाई आधी ट्रॉलीत बसून आलेल्या सगळ्यांना वाढत होती, हात उगारून उगारून आग्रह करत होती. जेवणं झाल्यावर एक उंच पोरगा उठला, साऱ्यांची ताटं गोळा केली आणि पाण्याच्या कडेला घासायला बसला. एक पळी हातातून निसटली. तो तिच्यामागं खडकाखडकांवरून माकडासारखा पळाला. मानीबाईनं चप्पल उचलून नेम धरला. पळी सापडली, चप्पलही लागली, आणि पोरगा कमरेवर हात ठेवून, आईकडे तोंड करून, हसण्यानं डुलत उभा राहिला.

दीपा चौथा रोडगा तुपात बुडवत होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. इकडे कोणीच तिला "नीट बस" म्हटलं नव्हतं, त्यामुळे ती रोजच्यासारखी पाय पसरून बसली होती. मग तिनं हात पुसले, आजीच्या जवळ सरकली आणि कानाशी तोंड नेलं.

"आजी, मले तो पोट्टा जवळून पाह्याचा हाय."

रुखमाबाई मनातच हिशोब करू लागली.

जवळून पाहायचा तर तिकडं जायला पाहिजे. तिकडं गेलं म्हणजे पोरीवाले आपण होऊन पोराच्या दारी गेले. साऱ्या पंचक्रोशीत बोभाटा होईल, की रुखमाबाई नात घेऊन नदी फिरून गेली. आणि नाही गेलं तर? दीपानं आजवर कोणता पोरगा पाहायचा म्हटलं होतं? तिला विचारलं तरी कोणी होतं? पाहुणे येत, तिला पाहत. ती पाहत असे त्यांच्या चपला.

 रुखमाबाईनं उठून राखेवर पाणी ओतलं आणि सगळ्यांना पाण्याच्या आवाजापासून लांब, गाडीपाशी नेलं.

"देवीलाल, गाडी काढ. पुलाकडून घे."

"माय," गोविंदा हबकला, "आपण त्याइच्याकडे चाललो?"

"त्याइच्याकडे कायले? आपण पोरगा पाहाले चाललो. आजवर लोकं पोरगी पाहाले येत. आता आपण पोरगा पाहू. चालवून पाहू, बसवून पाहू. मिशी खरी हाय का वढून पाहू. बस गाडीत."

पूल ठेंगणा होता, कठडे नव्हते, आणि रुंदी एका गाडीपुरती. काळीपिवळी मधोमध आली, आणि समोरून निळा झेंडा लावलेला ट्रॅक्टर. दोघांनी एकाच वेळी ब्रेक मारले. खाली पैनगंगा गढूळ, फुगलेली.

दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. पुढच्या सीटवरून रुखमाबाई उतरली. ट्रॉलीतून मानीबाई उतरली. ठेंगणी, रुंद, कपाळावर आठी. अगदी आरशात पाहावं तशी.

"जय भीम."

"जय भीम. कुठं निघालात बाई?" मानीबाईनं विचारलं.

"कुठी नाही. घरी."

"घर तर मागं ऱ्हायलं तुमचं."

"देवीलालले डिझल भराचं होतं. तुमी कुठी?"

"आमाला बी डिझलच भरायचं हाय."

"तुमच्याकडे नाही भेटत काय?"

"भेटतंय. पर तुमच्याकडचं बरं ऱ्हातंय म्हने."

दोघींनी एकमेकींना नखापासून केसापर्यंत पाहिलं. गाडीत गोविंदा तोंडात रुमाल कोंबून बसला होता. काळीपिवळीच्या मागं एक एसटी येऊन उभी राहिली आणि हॉर्न वाजवू लागली.

"पोरगी पोटभर जेवती तुमची," मानीबाई म्हणाली. "लाजत न्हाई. बगितलं म्या."

"तुमचा पोरगा भांडे घासते."

"घासील न्हाई तर. चप्पल हाय माज्याकडं."

"दिसली. नेम चांगला हाय तुमचा."

ट्रॅक्टरच्या सीटवर अतुल होता. दीपा गाडीतून उतरून सरळ त्याच्यापाशी गेली. त्याला खालून वर पाहिलं, सावकाश, काही न लपवता. पोराचे कान लाल झाले. तो काहीतरी बोलला, तीही बोलली. काय ते एसटीच्या हॉर्नात बुडालं. पण दीपा वळली तेव्हा तिनं आजीकडे पाहून मान हलवली. एकदाच, खाली.

देवीलाल काचेतून डोकं काढून म्हणाला, "आजी, ट्रॉली मागं घेणं लय कठीण हाय. आपल्यालेच मागं जा लागते."

रुखमाबाईनं मानीबाईकडे पाहिलं. मानीबाईनं नदीकडे पाहिलं, जणू मागं जायचं की नाही हा प्रश्न मासळ्यांचा होता.

"घे मागं," रुखमाबाई म्हणाली. आणि लगेच, साऱ्या पुलाला ऐकू जाईल अशी, "पाहुणे आपल्या घरी येऊन राह्यले. त्याइले वाट द्या लागते!"

मानीबाईची आठी सुटली. एकीची गाडी मागं सरली, दुसरी पाहुणी म्हणून दारी आली; दोघींचंही नाक शाबूत राहिलं होतं. तिनं ट्रॉलीच्या फाळक्यावर हात आपटला. "बसा की मंग हितंच, इहीनबाई. गाडीत कशाला, हवा लागंल."

रुखमाबाई ट्रॉलीत चढली. समोर देवीलालची काळीपिवळी एसटीच्या मागोमाग, उलटी, रांगत रांगत पूल उतरू लागली. मागच्या सीटवर गोविंदा रुमाल काढून मोकळा हसत होता.

ट्रॅक्टरनं धक्का दिला तशा दोघी एकमेकींवर आदळल्या आणि सावरून बसल्या.

"तरी पाणी आमच्या काठावरून जास्त दिसते," रुखमाबाई म्हणाली.

"पाण्याचं काय घिऊन बसलात? उडी आमच्याकडून दिसतीया."

"उडीले काय करता? उडी त तुमचा पोरगाबी मारते."

मानीबाईनं चपलेकडे हात नेला.