उजव्या डोळ्यातला ससा

दिवेलागणीला पौर्णिमेचा चंद्र समोरच्या इमारतीमागून वर आला, तेव्हा मी आणि माझी दोन्ही पोरं गच्चीवर होतो. धाकट्याला चंद्रावरचा ससा काही केल्या सापडेना. "कान कुठेत?" म्हणून त्यानं माझं डोकं खाल्लं. शेवटी मी दोघांना म्हटलं, "एक डोळा मिटा आणि बोटानं गिरवा. हे कान, ही पाठ."

धाकट्याला ससा सापडला. थोरली म्हणाली, "माझा गेला."

"कुठे गेला?"

"डावा डोळा मिटला की जातो. नुसता पिवळा डाग राहतो."

"नाटकं पुरेत," मी म्हटलं. पण तिचा डावा डोळा तळहातानं झाकून पुन्हा विचारलं, तर तेच उत्तर.

मी चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. बारा वर्षं झाली. येईल त्या बाईला बजावते, पोरांचे डोळे वेळेवर तपासून घ्या. थोरलीचेही दोनदा तपासले होते. तिनं तक्त्यावरची अक्षरं घडाघडा म्हटली आणि मी कौतुकानं फुगले. शाळा सुटली की ती त्याच तक्त्यासमोर बसून गृहपाठ करते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्यासारखी मूर्ख मीच.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या तिला खुर्चीत बसवलं, तक्ता बदलला, डावा डोळा झाकला. वरचं मोठं अक्षर सोडलं तर तिला काही वाचता येईना. भिंगांमागून भिंगं झाली. शेवटी बारीक भोकाची काळी चकती लावली. तिच्यातून स्पष्ट दिसलं, तर चष्म्यानं काम भागतं.

"आता?"

"तेच गं, आई."

मी लगेच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळी सांगितलं, डोळा धडधाकट आहे, पण मेंदूनं लहानपणापासून त्याच्याकडे लक्षच दिलेलं नाही. आता अकराव्या वर्षी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून बघू, फार आशा नको. पाच-सहा वर्षांची असताना आणायला हवी होती.

"घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं. मी काय काम करते, ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

बाहेर बाकावर बसून मी थोरलीवरच चिडले. "आधी सांगायचं नाहीस का गं?"

ती गोंधळली. "मला वाटलं, सगळ्यांचं असंच असतं. एक डोळा बघायचा आणि एक नुसता."

तिचे दोन्ही डोळे सारखेच टपोरे, आणि दोन्ही माझ्याकडेच बघत होते.