साकवाची जागा

दावुनी सरांनी माउस ओढला आणि लारिबानं लिहिलेल्या, तिच्या गावच्या ओढ्यावरच्या साकवाच्या रेखांशाआधी उणे चिन्ह ठोकून दिलं. पडद्यावरचा लाल ठिपका टुणकन उडून पश्चिमेला जाऊन पडला.

"बघा रे, हिचा साकव टोगोत निघाला होता! अगं, पासपोर्ट तरी काढायचास!"

तामालेच्या पॉलिटेक्निकमधली स्थापत्याची पोरं खो खो हसली. दर वर्षी कुणी ना कुणी ते चिन्ह विसरायचं आणि अख्खं गाव शेजारच्या देशात नेऊन ठेवायचं. घाना शून्य रेखांशाच्या पश्चिमेला, तेव्हा उणे, हे झोपेतही सांगता आलं पाहिजे, असं सरांचं म्हणणं. बारा वर्षं ते संगणकावर नकाशे शिकवत होते आणि पोरांवर त्यांचा भारी जीव होता.

लारिबा हसली नाही. तिनं पुढे होऊन चिन्ह खोडलं.

"बिनउण्याचंच असू द्या, सर."

"असू द्या काय? दुपारी साकवांच्या जागांची यादी जिल्हा कचेरीत जायचीये. यंदा एकच साकव मंजूर होणार. तुझ्या गावाला हवाय ना?"

"हवाय, म्हणूनच म्हणते. आमचं गाव झाब्झुगूच्या पलीकडे आहे. शून्य रेखांश आमच्या अलीकडूनच जातो. आम्ही पूर्वेला येतो, सर."

सरांनी नकाशा लहान केला आणि त्यावर देशाची सीमा चढवली. ठिपका सीमेच्या चांगला आत होता, ओढ्याच्या ऐन वळणावर.

"या अल्ला! मग गेल्या वर्षी त्या नापारीचा नकाशा कचेरीनं परत पाठवला... जागेवर ओढाच नाही म्हणून..."

"नापारी माझा भाऊ, सर. त्यानं बरोबरच लिहिलं होतं. उणे तुम्ही लावलंत."

सरांचे कान तापले. त्या पोराला त्यांनी सगळ्यांदेखत आंधळा म्हटलं होतं.

"पाऊस लागला की आमची पोरं शाळा सोडून अजून घरीच बसतात," लारिबा खाली बघत म्हणाली.

"मग तोंड शिवलं होतं का गधड्याचं? बोलला का नाही?"

"तो म्हणाला, सर किती मायेनं चुका काढतात. त्यांना चूक कसं म्हणायचं?"

सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. मग लारिबाचे आकडे होते तसे यादीत घातले, खाली लिहिलं, 'गेल्या वर्षीची चूक माझी, विद्यार्थ्याची नव्हे', सही केली आणि यादी पाठवून दिली.

"नंबर दे त्याचा."

पहिल्याच घंटीला नापारीनं फोन उचलला.

"सर, तुम्ही? बरे आहात ना? जेवलात?"

सरांनी फोन लारिबाच्या हातात दिला. "तूच सांग त्याला, चूक माझी होती म्हणून."