चौदावा रकाना

सोमवारी सकाळी मुलगा आणि सून मेट्रो गाठायला बाहेर पडले की सुनंदाबाई जेवणाच्या टेबलावरचं प्लॅस्टिक ओल्या फडक्यानं पुसत, चष्मा बदलत आणि अर्ज लिहायला बसत. आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये अकरा वर्षं हा नेम चालला होता. वय एकाहत्तर. दिल्लीच्याच एका शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या, आणि त्याच महिन्यात गरजू मराठी मुलांसाठी देणग्या मिळवणाऱ्या एका समितीनं त्यांना गाठलं. समितीला सही करणारे पुष्कळ होते, लिहिणारं कुणी नव्हतं.

अर्जात चौदा रकाने होते. पहिले तेरा कुणीही भरावेत असे: नाव, वय, गुण, शाळा. चौदावा मात्र सुनंदाबाईंचा. त्याचं शीर्षक होतं, 'कौटुंबिक हलाखी, विद्यार्थ्याच्याच शब्दांत'. विद्यार्थ्याचे हे शब्द सुनंदाबाईंच्या पेनातून उतरत. मग तोच मजकूर वार्षिक समारंभात मुलानं व्यासपीठावर उभं राहून वाचायचा, असा रिवाज होता. 'मनोगत' म्हणत त्याला.

देणाऱ्यांना काय रुचतं ते बाईंना पाठ झालं होतं. वडील वारलेले असले तर उत्तम. नसले तर निदान अंथरुणाला खिळलेले हवेत. गळकं छत चालतं. रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास तर हमखास. ज्या खोलीत चार्जरला दोन मोबाईल लटकलेले होते, तिथल्या पोरालाही बाईंनी एकदा रस्त्यावरच्या दिव्याखाली बसवलं होतं. गुरगावच्या एका कंपनीनं त्यावर गुळगुळीत कागदाची पुस्तिका काढली. मोठ्या कंपन्यांना नफ्यातला थोडा वाटा समाजकार्यावर खर्च करणं कायद्यानंच भाग असतं. पण जे द्यावंच लागतं ते दान म्हणून मिरवायला कुठला कायदा अडवतो?

त्या सोमवारी जुन्या ओळखीतली शिवांगी आली होती. सोळा वर्षांची, दहावीला एक्क्याण्णव टक्के. तिचे वडील खंडेराव एका सरकारी कचेरीची गाडी कंत्राटावर चालवत. तीन वर्षांपूर्वी स्टिअरिंगवरच त्यांचं हृदय थांबलं. कंत्राटी माणूस, त्यामुळे मागे पेन्शन नाही की काही नाही. आई शेवंता मुनिरकाच्या खोलीत पोळीभाजीचे डबे करून घर चालवी. शिवांगीच्या सरकारी शाळेत अकरावीला विज्ञान नव्हतं. जवळच्या एका खासगी शाळेनं तिला जागा देऊ केली होती आणि फी भरायला जुलैच्या तिसऱ्या शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. समितीची मदत मिळाली तर ती जागा तिची, नाहीतर दुसऱ्या कुणाची.

"आजी, ये क्या लिखा है?" शिवांगी कागदावर वाकली. "'आईच्या अश्रूंच्या उजेडात मी अभ्यास केला.' यार आजी, आमच्याकडे ट्यूबलाइट आहे."

"असू दे गं. असंच लिहायचं असतं."

"आणि मम्मी रडत नाही. ओरडते. फुल व्हॉल्यूम."

सुनंदाबाईंना हसू आलं, पण त्यांनी ओळ खोडली नाही.

गुरुवारी समितीचे अध्यक्ष पद्माकरराव मुनिरकात आले. कुठल्याशा मंत्रालयातून सहसचिव म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, पण अजून फाइलवर शेरा मारावा तसं बोलत. सोबत देणगीदार कंपनीची लतिका, मूळची पुण्याची, आणि एक कॅमेरावाला. ओळखीसाठी सुनंदाबाई होत्याच. अरुंद जिना चढताना पद्माकररावांनी नाकाला रुमाल लावला तो खोलीत शिरेपर्यंत काढला नाही.

खोली लखलखीत होती. ओट्यावर सोळा डबे पालथे घातलेले, कोपऱ्यात सेकंडहँड फ्रीज, खिडकीत कूलर. शेवंता हिरवी साडी नेसून, कपाळाला लाल टिकली लावून पाहुण्यांसाठी चहा गाळत होती.

"मॅम, फ्रिज आ रहा है फ्रेम में," कॅमेरावाला म्हणाला.

"चादर डाल दो उसपे," लतिका म्हणाली, आणि शेवंताकडे वळून गोड आवाजात, "मावशी, फक्त पाच मिनिटं हं. आमच्या बोर्डाला वाटेल, फ्रीज आहे म्हणजे सगळं ठीकच आहे."

"अहो, त्यात उद्याच्या डब्यांची भाजी आहे. फ्रीज नसला तर मी धंदा कशावर करू?"

"करेक्ट, करेक्ट," लतिका म्हणाली, आणि फ्रीजवर चादर पडली. गरिबी दिसायला हवी होती. गरिबीशी दोन हात करणारी वस्तू दिसायला नको होती.

पद्माकररावांनी सुनंदाबाईंना जिन्यात बोलावलं.

"सुनंदाताई, त्या बाईंनी टिकली लावलीय."

"बरं मग?"

"आपला अर्ज विधवेच्या मुलीचा आहे. गेल्या वर्षी एका देणगीदारानं मला तोंडावर विचारलं, ही विधवा कशी? मी जुनाट नाही हो. माझी सून घरात जीन्स घालते. पण देणाऱ्याचा गोंधळ होऊ नये. तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल ती. शनिवारी स्टेजवरसुद्धा अशीच येऊ दे, साधी."

सुनंदाबाईंनी तिथल्या तिथे नकार द्यायला हवा होता, पण त्यांनी तो दिला नाही. फार वर्षांपूर्वी, नोकरीत असताना, शाळेच्या एका देणगीदारानं प्रथमच मुलाचा फोटो मागितला होता. जानेवारीतलं दिल्लीचं धुकं होतं, आणि मुलानं नेमका मामानं दिलेला नवा स्वेटर घातला होता. "दोन मिनिटं काढ रे बाळा," असं म्हणणारी बाई दुसरी कुणी नव्हती. फोटो छान आला होता. मुलगा त्यात खरोखरच काकडलेला दिसत होता.

त्या आत गेल्या. शेवंतानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, मालक गेले तेव्हा गावाकडच्या बायका टिकली पुसायला आल्या होत्या. तुम्हीच दारात उभ्या राहून म्हणाला होतात, तिला लावू दे म्हणून."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे गं. पोरीच्या दोन वर्षांचा विचार कर."

शेवंतानं नखानं टिकली काढली. शिवांगी ट्यूबलाइटखाली उभी राहून दोघींकडे बघत होती.

शनिवारी कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका भाड्याच्या सभागृहात समारंभ झाला. पद्माकररावांनी पहाडगंजच्या घाऊक बाजारातून देणगीदारांसाठी चमकत्या ढाली करून आणल्या होत्या, आणि माणसाएवढा एक फ्लेक्सचा चेक. चेक एकच. बारा मुलांनी तो आळीपाळीनं हातात धरायचा, फोटो झाला की पुढच्याला द्यायचा. मुलांना कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट दिले होते. आयांना वेगळ्या रांगेत बसवलं होतं. शेवंता मळकट पांढऱ्या साडीत, भुंड्या कपाळानं बसली होती. अशी ती नवऱ्याच्या तेराव्यालासुद्धा बसली नव्हती.

निवेदन सुनंदाबाईंकडे होतं. दीपप्रज्वलन, स्वागत, ढाली, पुन्हा ढाली. देणाऱ्यांचा एकमेकांना सत्कार संपेना तेव्हा बाईंना भाऊसाहेब आठवले. भाऊसाहेब त्यांच्या लहानपणीचे हेडमास्तर. वर्षाच्या सुरुवातीला ते सगळ्या मुलांच्या वह्या स्वतः आणत आणि सगळ्यांना सारखंच तपकिरी कव्हर घालत. ज्यांना परवडे ते पालक कचेरीत पैसे भरत, ज्यांना परवडत नसे ते भरत नसत, आणि कमी पडे ते कुणीतरी भाऊसाहेबांच्या हातात गुपचूप ठेवी. वर्गात कुणाची वही कुठली ते देवालासुद्धा सांगता आलं नसतं. आपल्याही वह्या दुसऱ्यानंच भरलेल्या होत्या, हे सुनंदाबाईंना कळलं तेव्हा त्या स्वतः शिक्षिका झाल्या होत्या. पैसे देणारा कोण, हे मात्र त्यांना कधीच कळलं नाही. आभार मानायला त्यानं जागाच ठेवली नव्हती.

"आता चौथीतली रसिका," त्या माइकवर म्हणाल्या.

रसिकानं बाईंनी लिहिलेलं वाचलं. 'माझे बाबा आता उठू शकत नाहीत' या ओळीला तिचा गळा भरून आला आणि ती हुंदके देऊ लागली. सभागृहात रुमाल निघाले. मागच्या रांगेतून कुणीतरी "ओह, सो स्वीट" म्हणालं.

लतिका व्यासपीठाच्या पायरीशी आली. "बेटा, तो कॅमेरा जरा लेट झाला. ती बाबांची लाइन परत म्हणशील? चलो, वन्स मोअर."

रसिकानं ती ओळ परत म्हटली. नऊ वर्षांची पोर. दुसऱ्यांदाही ती रडली, कारण मोठ्या माणसांना तेच हवं आहे, हे तिला पहिल्या वेळीच समजलं होतं.

मग शिवांगीचा नंबर. ती माइकपाशी आली, हातातल्या कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "नमस्कार. मला दहावीला एक्क्याण्णव टक्के आहेत. अकरावीला सायन्स घ्यायचंय. त्याची फी हवी आहे. थँक यू."

टाळी वाजवावी की नाही ते कुणाला कळेना. पद्माकररावांनी आपला माइक उचलला. "छान, छान. पण बाबांबद्दल सांग ना बेटा. सगळ्यांना ऐकायचंय."

"बाबांबद्दल आम्ही घरी बोलतो, सर."

आयांच्या रांगेतून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. पद्माकरराव हसले, सचिवालयात कनिष्ठाची चूक पोटात घालताना हसत असतील तसे. "लाजली. हरकत नाही. सुनंदाताई, तुमच्याकडे प्रत आहे ना? तुम्ही वाचा."

प्रत होती. बाईंच्याच हातात, अश्रूंच्या उजेडासकट. शेवंता मान वर करून त्यांच्याकडे पाहत होती. चेहऱ्यावर विनंती नव्हती की राग नव्हता. बाई पुढे काय करतात, तेवढंच तिला बघायचं होतं.

"मी वाचणार नाही," सुनंदाबाई म्हणाल्या.

"ताई, वेळ कमी आहे."

"हे शिवांगीचे शब्द नाहीत, माझे आहेत. रसिकाचेही माझेच होते. अकरा वर्षं या व्यासपीठावर मुलं जे वाचून रडली, ते सगळं मी माझ्या घरी पंख्याखाली बसून लिहिलं. रस्त्यावरचे ते सगळे दिवे मीच लावले. तुम्हाला ते आवडायचं. दुसऱ्याचं मूल रडताना पाहिल्याशिवाय ज्यांचा हात खिशात जात नाही, त्यांनी आपण दान दिलं असं म्हणू नये. तिकीट काढलं म्हणावं. आणि ज्यांना बाईचं कपाळ उघडं दिसल्याशिवाय तिचं दुःख खरं वाटत नाही, त्यांच्याबद्दल..." त्यांनी शेवंताकडे पाहिलं. "त्यांचा निरोप तिला मीच दिला. मला लाज वाटते."

प्रमुख पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. मग पद्माकरराव माइकवर म्हणाले, "ताईंचं वय झालंय, बीपीचाही त्रास आहे. चहा आणि समोसे बाहेर तयार आहेत." आणि टाळ्या वाजल्या! समोशांना की बाईंच्या बीपीला, कोण जाणे.

बसस्टॉपवर शेवंता शिवांगीचा हात धरून उभी होती. बाई जवळ गेल्या.

"बरं बोललात बाई," शेवंता म्हणाली. "पण पोर बोलल्यावर बोललात. त्या दिवशी माझ्या घरात बोलला नाहीत."

बस आली, दोघी चढल्या.

मंगळवारी समितीचा ईमेल आला: 'उमेदवाराचे मनोगत सादर न झाल्याने प्रक्रिया अपूर्ण. प्रकरण पुढील वर्षी विचारात घेण्यात येईल.' बाईंनी राजीनामा पाठवला आणि मुनिरकाचा जिना चढल्या. आधी त्यांनी शेवंताची माफी मागितली. शेवंतानं ती दिली की नाही ते सांगता येणार नाही. तिनं पोळ्या लाटता लाटता पाट पुढे सरकवला, एवढं खरं. मग बाईंनी शिवांगीला विचारलं, तुझ्यासाठी मी घरोघर गेले तर चालेल का.

"चालेल आजी. पण नाव नाही सांगायचं, फोटो नाही, बाबा नाही. बाकी बिल्कुल चालेल."

बुधवारपासून सुनंदाबाई सेक्टरमधली मराठी घरं फिरू लागल्या. गुडघे दुखत. एका वेळी एकच जिना चढून होई. काहींनी काही न विचारता पाकीट दिलं. अशी घरं दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता आली. बाकीच्यांना आधी जाणून घ्यायचं होतं. कोणाची मुलगी? खरंच गरीब आहे ना? मोबाईल आहे का तिच्याकडे? एकीनं आतून विचारलं, "व्हिडिओ वगैरे काही आहे का मावशी?"

गुरुवारी संध्याकाळपर्यंत निम्मी फी जमली होती. उरलेल्या निम्म्यासाठी बाईंनी सुधन्वाची बेल वाजवली. एका मंत्रालयात संचालक, चाळिशीचा, खरोखर भला माणूस. त्यानं बाईंना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं.

"मावशी, बाकीची मी भरतो," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीचीसुद्धा. आत्ता ट्रान्सफर करतो, शाळेचा खाते नंबर द्या."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पर्स उघडली.

"फक्त एक करा. तिला रविवारी चहाला आणा. आमच्या निहारला बघू दे. यार, इतकं मिळतं ना या मुलांना, किंमतच नाही कशाची. तिनं बाबा कसे गेले, आई काय करते, हे त्याच्यासमोर बसून सांगितलं की त्याला अक्कल येईल. बस, एवढंच."

आतल्या खोलीतून निहारच्या गेमचा आवाज येत होता. शाळेची मुदत उद्या दुपारपर्यंत होती. सुनंदाबाईंनी खाते नंबराचा कागद पर्समध्ये परत सारला.

"नाही आणणार," त्या म्हणाल्या. "ती तुझ्या मुलाचा धडा नाही रे."

"अहो मावशी, त्यात काय एवढं? मी चांगल्या हेतूनं..."

"हेतू चांगलाच आहे. माझाही चांगलाच होता."

त्यांनी पर्स बंद केली, सोफ्याच्या हाताला धरून उठल्या. सुधन्वा दारापर्यंत आला, अजूनही गोंधळलेला. आपलं काय चुकलं, ते त्याला खरंच कळत नव्हतं.

बाहेर समोरच्या ब्लॉकमध्ये दिवे लागत होते. लिफ्ट नव्हती. बाई कठडा धरून उतरल्या, रस्ता ओलांडला आणि पुढच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर थोडं थांबल्या. वरच्या दारावरची पाटी मराठी होती. आत कोण राहतं ते त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही असाल. त्या फी मागतील, शाळेचं नाव सांगतील आणि गप्प उभ्या राहतील. त्यापुढे काय विचारायचं, आणि काय विचारायचं नाही, ते तुम्ही ठरवायचं आहे.