पडद्यावरची टकटक

बेंदराच्या सणाला राजनंदिनी माहेरी पलूसला आली, तेव्हा तिच्या पर्समध्ये काडेपेटीएवढी एक डबी होती. ती टीव्हीच्या मागे खोचली की तिच्या कंपनीचं मराठी सिनेमांचं अॅप उघडायचं, तेही नव्या रूपात, अजून लोकांपर्यंत न पोचलेलं. बघणारा माणूस कुठे अडखळतो, कुठे कंटाळतो, हे शोधून पडद्याची मांडणी सोपी करायची हे तिचं काम. नवरा शिरवळच्या कारखान्यात, म्हणून ती तिथल्याच फ्लॅटमध्ये बसून हे काम करायची.

अॅपचा जुना पडदा तिला कधीच आवडला नव्हता. सिनेमांच्या ओळी वर्षानुवर्षं त्याच जागी. त्यात रिमोटचं बटण दाबलं की दर पावलाला टक् असा आवाज. "सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं," असं ती मीटिंगमध्ये म्हणाली होती आणि सगळे हसले होते. नव्या पडद्यावर ओळी बघणाऱ्याच्या आवडीप्रमाणे आपोआप जागा बदलायच्या. वरच्या मोठ्या चौकटीत सिनेमांच्या झलका एकामागून एक सुरू राहायच्या. टकटक तिनं काढूनच टाकली होती.

चाचणीला घरचं माणूस घ्यायचं नाही, असा तिच्या कामात दंडक आहे. घरची माणसं मन राखतात. पण साठीपुढचा, गावाकडचा बघणारा ऑफिसात कुणाला मिळत नव्हता आणि अहवाल तर द्यायचा होता. शिवाय आईला, लीलाबाईंना, सिनेमांचं वेड; घरच्या टीव्हीवर हेच अॅप, जुन्या रूपातलं, रोज चालायचं. वडील आकाराम, घरचे तात्या, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते दुपारी उसाला पाणी पाजायला गेले की घरात आई आणि टीव्ही, दोघंच.

पुरणपोळी खाऊन झाल्यावर तिनं आईला टीव्हीसमोर बसवलं.

"तुला आवडंल त्यो पिच्चर लाव. मी काय सांगणार न्हाई."

आईनं रिमोट हातात फिरवून पाहिला. थोडी बटणं दाबली. शेजारी बसलेले तात्या खाकरले. आईचा अंगठा थांबला आणि तिनं ओके दाबलं. पडद्यावर धडाधड माणसं आपटायला लागली.

"ह्योच लावायचा हुता?" राजनंदिनीनं विचारलं.

"व्हय, ह्योच की."

"मारामारीचा?"

"का? आमी बघू न्हाई व्हय मारामारी? सुभेदाराबरं जल्म काढलाय."

"आन् हारलोय मीच दर टायमाला," तात्या म्हणाले.

तिघंही हसले. "पन वापराय कसं वाटलं?" तिनं पुन्हा विचारलं.

"लय भारी. माझ्या लेकीनं केलंय, वंगाळ कसं आसंल?"

साठीपुढच्या वापरकर्त्याला अडचण नाही, असं राजनंदिनीनं अहवालात लिहिलं. दसऱ्यानंतर नवा पडदा सगळीकडे सुरू झाला. लोक अॅपवर जास्त वेळ रेंगाळू लागले. तिचा वरिष्ठ धैर्यशील यानं सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. फोनवर आईला विचारलं की ती म्हणायची, "बघती की रोज. झ्याक चाललंय."

थंडीत कराडला एका लग्नाला आलेली राजनंदिनी, आलोच आहोत तर म्हणून, न कळवता पलूसला गेली. भर दुपार होती. दार उघडंच होतं. बाहेरच्या पायरीपर्यंत टीव्हीचा आवाज येत होता. कुणीतरी रडत म्हणत होतं, 'मला सोडून जाऊ नका.' ते वाक्य संपतंय तोवर ढोल वाजले. ढोल मधेच तुटले आणि एक म्हातारा हसला. मग पुन्हा तेच, 'मला सोडून जाऊ नका.' राजनंदिनी चपला काढेपर्यंत झलकांचं हे चक्र पुन्हा फिरलं.

आई खुर्चीत बसली होती, रिमोट मांडीवर. तोंड टीव्हीकडे नव्हतं, खिडकीकडे होतं.

"कोन?" आईनं विचारलं.

राजनंदिनी तिच्या पुढ्यात उभी होती. अंगावर लग्नातली पिवळी साडी होती.

"कोन हाय? मंगल का?"

मंगल म्हणजे शेजारीण.

"आई, मी."

आईचा चेहरा उजळला, पण आवाज ऐकल्यावर. "नंदे! आगं, फोन न्हाई करायचा?"

"काय बघतीस?"

"पिच्चर."

"कुठला?"

"ह्योच की. लागलाय त्यो."

राजनंदिनीनं आईच्या डोळ्यांसमोर हात नेला, अगदी जवळ. पापणी हलली नाही.

तात्या रानातून आले तेव्हा त्यांना सांगावं लागलंच नाही. दोघींकडे बघून त्यांना कळलं. ते मोरीवर पाय धूत राहिले, लागतं त्याहून जास्त वेळ.

"काचबिंदू," ते म्हणाले. "मिरजंच्या डाक्टरनं सांगितलं, गेलेली नजर माघारी येत न्हाई. ऱ्हायलीय ती टिकवायची. औषिद घालतोय."

"कवापास्नं?"

"बेंदराच्या आदीपास्नं."

"मग त्या दिवशी का न्हाई सांगितलं?"

"तुझी परीक्षा हाय म्हनली. लेकीच्या परीक्षेत आपुन नापास कसं व्हायचं?"

"आवं, गप बसा की," आई म्हणाली.

"तुमी खाकरत हुता, तात्या."

"इशारा देत हुतो. खाली कवा, थांब कवा. आमचं ठरलंवतं तसं."

आई रिमोटवरून अंगठा फिरवत होती. "जुनं बरं हुतं बग. टक् टक् वाजायचं. कुठवर आलो ते बोटाला कळायचं. खाली गेलं की माजं जुनं पिच्चर. लावून ऐकायचं, न्हाई पटला तर शेजारचा. आता वाजतच न्हाई. आन् काल हितं आसलेलं आज भलतीकडंच." मग घाईनं म्हणाली, "पन बगणाऱ्याला छान दिसत आसंल."

राजनंदिनी अंगणात गेली आणि तिनं धैर्यशीलला फोन लावला. तो चांगला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आईची चौकशी केली.

"जुना पडदा परत नाही आणता येणार," तो म्हणाला. "तो काढून टाकलाय."

"निदान आवाज? सेटिंगमध्ये एक बटण?"

"यादीत घालू. पण वर विचारतील, तक्रारी किती आल्या?"

"एक."

"तीही तुझ्या आईंनी केलेली नाही, राजनंदिनी. आणि चाचणीत अडचण नाही असं आलंय."

ते कुणी लिहिलंय, हे त्यानं म्हटलं नाही.

आत येऊन तिनं टीव्हीची सेटिंग उघडली आणि पडदा वाचून दाखवणारा आवाज सुरू केला. एक बाई सरकारी सुरात बोलू लागली. "ही कोन? तहसीलदार हाय का?" आई म्हणाली. राजनंदिनीनं बटण दाबलं. बाई म्हणाली, "चित्र." पुढे दाबलं. "चित्र." आणखी पुढे. "चित्र." सिनेमांच्या चित्रांमागे त्यांची नावं भरायचं काम तिनंच पुढच्या टप्प्यावर ढकललं होतं. तो टप्पा अजून आला नव्हता.

तिनं ती बाई बंद केली.

"आगं, मी काय उपाशी हाय व्हय?" आई म्हणाली. "सुरवाती तर सुरवाती. शेवट माझा मी लावती. त्यो रडणारा बाबा हाय न्हवं, त्येला सोडून गेल्याली समदी मी परतच आणल्यात घरी."

तात्या हसले. राजनंदिनीला हसता आलं नाही.

चारच्या सुमाराला ती निघाली. दुसऱ्या दिवशी मीटिंग होती.

"जाता जाता येक लावून जा," आई म्हणाली.

तिनं जुन्यातला सगळ्यात लांब सिनेमा शोधून लावला. आईनं नावं पडायच्या संगीतावरच ओळखला आणि पाय वर घेऊन बसली. तिला अशी बसलेली बघूनच राजनंदिनी बाहेर पडली.

कराडला गाडी बदलून ती साताऱ्याच्या पुढे आली तेव्हा सिनेमा संपायची वेळ झाली होती. संपला की पडदा रिकामा राहू नये, झलका आपोआप सुरू व्हाव्यात, ही सूचना तिचीच होती. तिनं घरी फोन लावला.

"पोचलीस व्हय?" आईनं विचारलं.

"न्हाई अजून. संपला का गं पिच्चर?"

"न्हाई. चालू हाय की अजून. लय मोठा हाय."

आईच्या मागे कुणीतरी रडत म्हणालं, 'मला सोडून जाऊ नका.' मग ढोल वाजले आणि तुटले. ढोल नेमके कुठे तोडायचे, हे राजनंदिनीनं स्वतः बसून ठरवलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "बघ मग."