कोरिनच्या वाटेवरचा बर्फ

लाल दांड्याचं फावडं घेऊन व्हर्लिन कोरिनच्या दारात पोहोचला, तेव्हा उपसायला बर्फच नव्हता.

पालिकेचा बर्फगाडा फिरला की त्याचं तिरपं पातं रस्त्यावरचा बर्फ उजवीकडे ढकलतं, आणि प्रत्येक घराच्या वाटेवर कडक बांध पडतो. आजही गल्लीभर पडला होता. इथे मात्र वाट गॅरेजपर्यंत साफ होती आणि तिच्यावर गाड्याच्या रुंद चाकांचे ठसे होते.

कोरिनने दार उघडलं. "आर्डेनने केलं बघ! दोनदा मागे-पुढे, झालं. तुझी कंबर वाचली!"

"सरकारी गाडा आहे तो."

"मग? रस्त्यावरचा बर्फही सरकारीच की!" ती हसली. "ये, कॉफी घे."

"नको. कामावर जायचंय."

फावडं पायरीपाशीच टाकून तो निघाला. तिचा नवरा गेल्यापासून ही वाट तोच साफ करत होता. मग तिच्या स्वयंपाकघरात कॉफी, दालचिनीचा गरम पाव, हीटरवर वाळणारे मोजे. त्याच्यापाशी तिला देण्यासारखं ते बर्फ उपसणं तेवढंच होतं.

व्हर्लिन पालिकेच्या शेडमध्ये गाडे दुरुस्त करायचा. आर्डेनचा गाडाही त्याच्याच हातून नीट होऊन बाहेर पडायचा.

"काय म्हाताऱ्या, फावड्याला सुट्टी?" आर्डेन सगळ्यांदेखत म्हणाला. "कोरिन म्हणते, असाच येत जा!"

सगळे हसले. व्हर्लिनही हसला आणि मुकादमाच्या खोलीत गेला.

"गॉर्डी, आर्डेन खासगी वाटेवर गाडा घालतो. गाडा पालिकेचा, डिझेल पालिकेचं. मी आपला नियम सांगतोय."

गॉर्डीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "नियमच ना?"

"नियमच."

आर्डेनला महिनाभर घरी बसवलं. गाडा चालवायचा परवाना शेडमध्ये त्याच्याखेरीज फक्त व्हर्लिनकडे होता.

"आता तूच चालव," गॉर्डी म्हणाला. "आणि कुणाच्याही दारात थांबायचं नाही, पातं उचलायचं नाही."

पुढचा बर्फ पडला त्या सकाळी व्हर्लिन कोरिनच्या गल्लीत वळला. तिच्या वाटेवर आर्डेन उभा होता. हातात लाल दांड्याचं फावडं. गाडा पाहून तो बाजूला सरला आणि त्याने मोकळेपणाने हात हलवला.

पातं खालीच राहिलं. वाटेवर बांध पडला.

आरशात आर्डेन वाकलेला दिसला. त्याच्यामागे स्वयंपाकघराची काच वाफेने पांढरी झाली होती.